रेतीवर टेकलेला फायबर काँक्रीटचा बीम: एम.ई.च्या प्रयोगाचं एक वर्ष

स्ट्रक्चरलला एम.ई. करताना प्रायोगिक विषय घ्यायचा म्हटलं की मुंबईत पहिला प्रश्न जागेचा, दुसरा पैशांचा आणि तिसरा पावसाचा. 'लवचीक मातीवर टेकलेल्या फायबर काँक्रीट बीमचं वर्तन' हा विषय तिन्ही बाजूंनी जड आहे. फायबर काँक्रीट म्हणजे स्टीलच्या बारीक तारांचे तुकडे मिसळलेलं काँक्रीट. जुलै २०२३ मध्ये विषय नोंदवला आणि जून २०२४ मध्ये व्हायवा झाली. मधल्या काळात जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. या विषयाची गणितं पुस्तकांत भरपूर सापडतात. रेती किती लागते, टाकी कुठे फुगते, कोणत्या कागदावर कोणाची सही लागते, हे मात्र कुठेच एकत्र सापडत नाही.

विषय निवडण्यामागचं कारण साधं होतं. भिवंडीच्या गोदामांतली फरशी असो की काँक्रीटचा रस्ता, दोन्ही मातीवर टेकलेले असतात. कॉलेजात आपण बीम तपासतो तो मात्र दोन टेकूंवर ठेवून. टेकूंवरचा साधा काँक्रीटचा बीम भेग पडली की संपतो. मातीवरच्या बीमला खालून सगळीकडे आधार असतो, मग भेगेनंतर काय होतं आणि तिथे फायबर नेमकं काय काम करतं, हे बघायचं होतं.

जुलै ते सप्टेंबर: सिनॉप्सिस आणि बीमची लांबी

सिनॉप्सिस (विषयाचा आराखडा) लिहिण्याआधी बीमचं माप ठरवणं भाग असतं, कारण टाकी, रेती, साचे सगळं त्यावर अवलंबून. इथे विंकलरचं १८६७ सालचं गृहीतक कामाला येतं: माती म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या स्प्रिंगांची रांग, आणि कोणत्याही बिंदूला दाब हा तिथल्या खचण्याच्या प्रमाणात. त्या प्रमाणाला आपण मातीचा 'के' म्हणतो. यावरून लॅम्डा निघतो: 'के' गुणिले बीमची रुंदी, भागिले चार ईआय, आणि त्याचं चतुर्थमूळ. ईआय म्हणजे बीमचा वाकण्याला होणारा विरोध: ई काँक्रीटच्या ताठपणाचा, आय छेदाच्या मापांचा. लॅम्डा गुणिले लांबी हा आकडा पाव पायपेक्षा (पाय म्हणजे गणितातला π, ३.१४) कमी असेल तर बीम ताठ, म्हणजे न वाकता अख्खाच खचणारा. पायपेक्षा जास्त असेल तर लांब, म्हणजे मधल्या भाराची खबर टोकापर्यंत फारशी न पोचणारा. मधलं सगळं मध्यम.

आमचा बीम १५० मिमी रुंद, १०० मिमी खोल. एम-३० काँक्रीटचा ई आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे ५,००० गुणिले ३० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २७,४०० एमपीए. आय निघतो १२५ लाख मिमीचा चौथा घात. ईआय ३४२ किलोन्यूटन-चौमी. रेतीचा 'के' १५० मिमी रुंदीसाठी ९० मेगान्यूटन प्रति घनमीटर धरला, तर लॅम्डा १.७७ प्रति मीटर येतो. दीड मीटर लांबीला लॅम्डा-एल २.६६, १.८ मीटरला ३.१९. म्हणून १.८ मीटर घेतली. यात एक फायदा दडलेला आहे. लॅम्डा-एल बरोबर पायइतका असला की मध्यावर भार असलेल्या बीमच्या टोकाचं खचणं शून्य येतं. म्हणजे भेग पडेपर्यंत टोकाचा डायल गेज (खचणं मोजणारं काट्याचं उपकरण) जागचा हलता कामा नये. तो हलला, तर मांडणीत गडबड आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

'के' अचूक नाही म्हणून घाबरून जाऊ नका. चतुर्थमूळ असल्यामुळे 'के' निम्मा झाला तरी लॅम्डा फक्त १६ टक्क्यांनी घटतो. बीमवरचा मोमेंट (वाकवणारा जोर) त्यामुळे फार बदलत नाही. खचणं मात्र बरंच बदलतं. सिनॉप्सिसच्या सादरीकरणात हा प्रश्न आला होता आणि हे उत्तर चाललं.

सिनॉप्सिस मंजूर व्हायला सप्टेंबरची अखेर उजाडली. ही वाट बघण्यात वेळ घालवू नका. विभागप्रमुखांची सही होण्याआधीसुद्धा लॅबच्या लोडिंग फ्रेमखाली उभी मोकळी जागा किती आहे, हे टेप घेऊन मोजता येतं. टाकीची उंची, बीम, प्लेट, प्रूव्हिंग रिंग (भार मोजणारी कडी) आणि जॅक एकावर एक रचल्यावर फ्रेमच्या आडव्या बीमपर्यंत किती उरतं, यावर सगळा खेळ आहे.

ऑक्टोबर ते डिसेंबर: टाकी, तीन कोटेशन आणि रेती

टाकी २.४ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद, ०.७५ मीटर खोल. बीमच्या दोन्ही टोकांपलीकडे ३०० मिमी रेती राहते आणि रुंदी बीमच्या सहापट होते. त्यामुळे भिंतींचा अडथळा कमी होतो. रेतीची खोली ६०० मिमी, म्हणजे बीमच्या रुंदीच्या चौपट. पाच मिमीची एमएस प्लेट आणि ५० बाय ५० बाय ६ चे अँगल. वरच्या कडेला आणि मध्यावर अँगलचा पट्टा गुंडाळल्याशिवाय लांब बाजू रेती कुटताना बाहेर फुगते. ती फुगली की रेती बाजूला सरकते आणि 'के' उगाच कमी दिसतो. फॅब्रिकेटरला ड्रॉइंग देताना हा मधला पट्टा ठळक लिहा, नाहीतर वजन वाचवायला तो गाळला जातो.

टाकी ही कॉलेजची मालमत्ता होणार, म्हणून तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची मंजुरी, मग ऑर्डर. कुर्ल्याच्या एका गाळ्यातलं कोटेशन सर्वांत कमी होतं: जीएसटीसह साधारण ३८ हजार. ऑर्डर निघाली ऑक्टोबरच्या शेवटी आणि १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. दिवाळीच्या आसपास कारागीर गावी जातात, हे धरून चाला. टाकी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. ती आल्याबरोबर डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करून घ्या. नोंद नसली की बिल लेखा विभागात अडकतं आणि फॅब्रिकेटरचे फोन तुम्हाला येतात.

रेतीचा हिशेब: २.४ गुणिले ०.९ गुणिले ०.६, म्हणजे १.३ घनमीटर. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा अर्धा ब्रास पुरतो. टाकीसाठी नदीची रेती घेतली. क्रश सँडमधली भुकटी प्रत्येक वेळी कुटताना वाढत जाते आणि घनता हातात राहत नाही. टेम्पो सकाळी लवकर बोलवा, गेट पास आदल्या दिवशी सिक्युरिटीकडे देऊन ठेवा. रेती ओली येते. ती गच्चीवर ताडपत्रीवर पसरून कडकडीत वाळवली. ओलसर रेतीचे कण पाण्याच्या ताणाने एकमेकांना धरून राहतात, भरताना ती फुगते आणि भार देताना खोटी ताकद दाखवते. सगळ्या बीमना सारखीच रेती मिळायची असेल तर ती कोरडीच हवी, आणि मुंबईत कोरडी रेती म्हणजे काम मेअखेर संपवणं.

आयएस २७२० प्रमाणे रेतीची कमाल घनता १.७८ आणि किमान १.४८ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर निघाली. टाकीत १.६५ धरली, म्हणजे सापेक्ष घनता ६१ टक्के. डायरेक्ट शिअरमध्ये घर्षणकोन ३६ अंश. १.६५ ही घनता टाकीत आणायचा खात्रीचा मार्ग म्हणजे वजन. १०० मिमीच्या थरात ३५६ किलो रेती बसलीच पाहिजे. आतल्या भिंतीवर दर १०० मिमीला रंगाची रेघ मारा, मोजून ३५६ किलो ओता आणि ती रेघेला येईपर्यंत लाकडी धुम्मसाने कुटा. लॅबमधल्या मामांनी घमेल्यांवर खुणा करून घेतल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक घमेलं काट्यावर चढवावं लागलं नाही. प्रत्येक थरात दोन छोटे पत्र्याचे डबे पुरून, नंतर काढून, घनता तपासायची. दोन डब्यांत ०.०२ पेक्षा जास्त फरक आला तर तो थर पुन्हा.

मग प्लेट लोड, म्हणजे रेतीवर प्लेट ठेवून भार देत खचणं मोजायची चाचणी. ३०० मिमीच्या प्लेटवर 'के' ४० च्या घरात मिळाला. टेर्झागीचं रेतीसाठीचं रुंदीचं सूत्र लावलं की १५० मिमी रुंदीला तो २.२५ पट, म्हणजे ९० होतो. लहान प्लेटखाली 'के' जास्त का, हा प्रश्न व्हायवाला हमखास येतो. 'के' हा मातीचा गुण नाही, तो माती आणि वर बसलेल्या वस्तूच्या मापाचा मिळून गुण आहे. रुंद प्लेटचा दाब खोलवर जातो आणि तेवढ्याच दाबाला जास्त खचणं होतं.

जानेवारी: काँक्रीट

बाजारात सर्वांत सहज मिळतं ते ६० मिमी लांबीचं, टोकं वाकवलेलं स्टील फायबर. ते आम्ही घेतलं नाही. बीमची खोली फायबरच्या लांबीच्या साधारण तिप्पट असावी, म्हणून १०० मिमीला ३५ मिमीचं फायबर, व्यास ०.५५ मिमी. आणि खडीचं सर्वांत मोठं माप फायबरच्या निम्म्याहून कमी असावं, म्हणून मेटल टू (२० मिमी खडी) पूर्ण वगळून फक्त मेटल वन (१० मिमी). या दोन अटी पाळल्या नाहीत की फायबर साच्यात आडवं पडून राहतं आणि आकडे उगाच चांगले दिसतात.

मेटल वनला पाणी जास्त लागतं: आयएस १०२६२ मध्ये १० मिमी खडीला २०८ लिटर, २० मिमीला १८६. प्लास्टिसायझर (कमी पाण्यातही काँक्रीट वाहतं ठेवणारं रसायन) वापरून ते १७१ वर आणलं, सिमेंट ३८० किलो, पाणी-सिमेंट ०.४५. फायबर घनमीटरला ०, २०, ४० आणि ६० किलो, म्हणजे घनफळाच्या साधारण पाव, अर्धा आणि पाऊण टक्का. प्रत्येक मालिकेत तीन बीम, तीन प्रिझम (चाचणीचे आखूड चौकोनी बीम) आणि सहा क्यूब. वाया जाणारं धरून १७० लिटर काँक्रीट, दोन घाण्यांत. चारही मालिका मिळून फायबर वीस किलोच्या थोडं वर लागतं आणि पिशवी येते वीस किलोची, तेव्हा दोन पिशव्या घ्याव्या लागल्या: जीएसटीसह साधारण ५,६००. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र दिलं तर काही पुरवठादार नमुना म्हणून थोडं फायबर तसंच देतात. आधी विचारून बघा.

मिक्सरमध्ये फायबर सर्वांत शेवटी. खडी, रेती, सिमेंट, पाणी, प्लास्टिसायझर यांचं काँक्रीट पूर्ण तयार झालं की मिक्सर फिरत असताना मुठीमुठीने शिंपडत जायचं. ८५ लिटरच्या घाण्यात ४० किलोच्या मालिकेला ३.४ किलो फायबर जातं आणि ते टाकायला तीन-चार मिनिटं तरी लागू द्यावीत. एकदम ओतलं की गोळे होतात. गोळ्यात फायबर अडकतं, आत सिमेंट पोचत नाही आणि बीममध्ये पोकळ जागा राहते. गोंदाने चिकटवलेल्या पट्ट्यांचं फायबर असेल तर गोंद विरघळायला शेवटी आणखी एक मिनिट फिरवा. जाड हातमोजे हवेतच. फायबरची टोकं बोटांत सहज घुसतात.

स्लम्प (साचा काढल्यावर ओल्या काँक्रीटचा शंकू किती बसतो ते माप) कमी दिसला की लॅबमधलं कोणीतरी पाण्याचा मग उचलतं. त्यांचा हात धरा. फायबर काँक्रीटला उभं धरून ठेवतं, म्हणून शंकू कमी बसतो. तेच काँक्रीट व्हायब्रेटिंग टेबलवर ठेवलं की नीट वाहतं. लागलंच तर प्लास्टिसायझर थोडं वाढवा. सुईचा व्हायब्रेटर वापरू नका. सुई काढल्यावर तिच्या जागी फायबर नसलेली काँक्रीटची नळी उरते, आणि भेगेला तीच वाट सापडते.

प्रत्येक घाण्यातून दहा लिटरची बादली बाजूला काढली, चाळणीवर धुतली, लोहचुंबकाने फायबर गोळा केलं, वाळवलं आणि तोललं. ४० किलोच्या मालिकेत ४०० ग्रॅम यायला हवं. ही तपासणी कोणी मागत नाही, तरी करा. पुढे तीन बीमचे आकडे तीन दिशांना गेले तर कारण घाण्यात आहे की मातीत, हे यावरूनच सांगता येतं.

१.८ मीटरचा बीम लॅबच्या क्युअरिंग टँकमध्ये मावत नाही. ओली गोणपाटं आणि वरून प्लॅस्टिक, सकाळ-संध्याकाळ पाणी, २८ दिवस. शनिवार-रविवारी लॅब उघडी ठेवायची परवानगी महिन्याची एकदम लेखी घ्या. बीमचं वजन ६६ किलो. टोकांना धरून उचलू नका. टोकापासून ३७ सेंटीमीटर आत दोन पट्टे घालून उचलला की स्वतःच्या वजनाचा मोमेंट वर-खाली सारखा वाटला जातो आणि फायबर नसलेला बीमही सुखरूप जागेवर पोचतो.

फेब्रुवारी: दुसऱ्याच्या मशीनची वाट

भेगेनंतर फायबर किती ताण धरतं, हे ईएन १४६५१ या युरोपीय मानकाच्या चाचणीतून कळतं. १५० बाय १५० चा प्रिझम, खालून २५ मिमीची खाच, ५०० मिमीचा स्पॅन, आणि खाच किती उघडते त्यावर चालणारं मशीन. असं मशीन आमच्याकडे नव्हतं. बाहेरच्या लॅबमध्ये नमुन्याला तीन हजार अधिक जीएसटी आणि सहा आठवड्यांचं वेटिंग. म्हणून ४० आणि ६० किलोच्या मालिकांचे सहाच प्रिझम पाठवले. बुकिंग काँक्रीट ओतण्याआधीच करून ठेवा, म्हणजे प्रिझमचं वय फार वाढण्याआधी नंबर लागतो. या चाचणीत तीन सारख्या प्रिझमच्या आकड्यांत २०-३० टक्के फरक येणं नेहमीचं आहे. भेग ओलांडून जाणारी फायबर मोजकीच असतात, दहा-पंधरा इकडची तिकडे झाली की आकडा हलतो. आमच्या ४० किलोच्या मालिकेत भेगेनंतरचा ताण भेगेच्या ताणाच्या साधारण ६० टक्के राहिला. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर उभा आहे.

याच महिन्यात प्रूव्हिंग रिंगचं कॅलिब्रेशन. आमच्या फ्रेमचा जॅक पन्नास टनांचा आणि बीमला भेग पडणार सहा किलोन्यूटनला. त्या जॅकच्या गेजवर काटा जेमतेम हलताना दिसतो. २५ किलोन्यूटनची रिंग मागवून कॅलिब्रेट करून घेतली, अडीच हजार अधिक जीएसटी. हायड्रॉलिक जॅकऐवजी हाताने फिरवायचा स्क्रू जॅक लावला. पंप मारला की भार चढतो आणि भेग पडली की बीम सुटून खाली जातो, मधलं काही हाती लागत नाही. स्क्रूने आपण विस्थापन देतो, भार किती उतरला ते रिंग सांगते.

मार्च-एप्रिल: प्रत्यक्ष चाचण्या

प्रत्येक बीमआधी वरची ३०० मिमी रेती काढून पुन्हा थरांत भरायची. एक टनाहून जास्त रेती हलते, त्यामुळे आठवड्याला दोन बीमपेक्षा जास्त धरू नका. रेतीचा माथा अॅल्युमिनियमच्या पट्टीने एका दिशेने ओढून सपाट करा. बीम खाली ठेवून किंचित पुढेमागे सरकवा, उचलून खालचा ठसा बघा. ठशात जिथे रेती गुळगुळीत दाबलेली नाही तिथे पोकळी आहे. चिमूटभर रेती टाकून पुन्हा पट्टी ओढा. मग अर्धा किलोन्यूटन भार देऊन काढून घ्या आणि गेज शून्यावर आणा.

गेज सात: मध्यावर एक, दोन्ही बाजूंना २२५, ४५० आणि ८८० मिमीवर. ते ज्या पट्टीला लावता ती टाकीच्या भिंतीवर टेकवू नका. भार चढताना टाकीही थोडी हलते, आणि भेग पडते तेव्हा मध्यावरचं सगळं खचणं हिशेबाने ०.४४ मिमी असतं. टाकीचं हलणं त्यात मिसळलं की काहीच उरत नाही. आम्ही लॅबच्या जमिनीवर स्वतंत्र घोड्या उभ्या करून त्यावर चॅनल टाकला. बीमच्या बाजूला चुना मारून ५० मिमीची चौकट आखली की केसाएवढी भेगही दिसते.

भेग पडेपर्यंत चारही मालिका जवळजवळ सारख्या वागल्या. हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर साध्या बीमनंतर ६० किलोवाला तपासताना धीर सुटतो. भेगेचा भार हिशेबाने ६.२ किलोन्यूटन, आणि पाऊण टक्क्यापर्यंतचं फायबर तो फारसा वाढवत नाही. टोकांचे गेज तोवर स्थिर होते.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. साध्या बीमला मध्यावर खालून भेग पडली आणि ती क्षणात वरपर्यंत गेली. रिंगचा भार निम्म्याहून खाली उतरला. दोन्ही टोकं रेतीवरून सुटून वर आली, टोकाखाली पोस्टकार्ड सरकवता येईल एवढी फट पडली. मध्याच्या दोन्ही बाजूंना रेती फुगून वर आली. ४० किलोच्या बीममध्ये भेग निम्म्या खोलीवर जाऊन रेंगाळली, भार थोडा उतरला आणि स्क्रू फिरवत राहिल्यावर पुन्हा चढू लागला. तो आकडा पहिल्या भेगेच्या आकड्याच्याही थोडा पुढे जाताना बघणं, यासाठी वर्षभराची सगळी यातायात होती.

असं का, हे अर्धा बीम सुटा काढून कागदावर मांडलं की दिसतं. बहुतेक प्रबंधांत हा भाग 'मातीने भार वाटून घेतला' एवढ्यावर आटोपतात. पण माती फक्त ढकलते, ओढून धरत नाही. मध्यावर बिजागरी झाली की अर्ध्या तुकड्याच्या एका टोकावर भार येतो आणि दुसरं टोक वर उठू पाहतं. त्याला खाली धरणाऱ्या गोष्टी दोनच: तुकड्याचं स्वतःचं वजन, ०.३२ किलोन्यूटन, आणि भेगेतल्या फायबरचा उरलेला मोमेंट.

आता आकडे. रेतीच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या १५० मिमी रुंद पट्टीची धारणक्षमता आयएस ६४०३ च्या सूत्राने सुमारे ७० किलोपास्कल, म्हणजे बीमच्या दर मीटरला १०.४ किलोन्यूटन. भेगेनंतर मध्याजवळची रेती या मर्यादेला पोचते असं धरा. साध्या बीममध्ये वजनाचा मोमेंट ०.१५ किलोन्यूटन-मीटर, तेवढ्याने प्रत्येक बाजूला फक्त १७ सेंटीमीटर रेती कामाला लागते आणि बीम एकूण २.८ किलोन्यूटन पेलतो. ४० किलोच्या बीममध्ये फायबरचा मोमेंट भेग पडतानाच्या ०.९६ किलोन्यूटन-मीटर मोमेंटच्या ६० टक्के, म्हणजे ०.५८, वजनाच्या मोमेंटला जोडून मिळतो. टेकलेली लांबी ३७ सेंटीमीटर होते आणि भार ७.१ किलोन्यूटन. फायबर इथे थेट भार उचलत नाही. ते टोकं खाली धरून जास्त रेतीला कामाला लावतं. म्हणूनच टेकूंवरच्या बीममध्ये भेगेनंतर भार घसरवणारं तेच काँक्रीट मातीवर भार टिकवून धरतं किंवा वाढवतं.

वरच्या बाजूची भेग शोधण्यात मात्र वेळ घालवू नका. अनंत लांबीच्या बीममध्ये भारापासून थोड्या अंतरावर वरून सर्वांत जास्त ताण येतो, पण ते अंतर आमच्या बीमसाठी ८९ सेंटीमीटर आणि अर्धा बीम ९० चा. टोकाला मोमेंट शून्यच असतो. ती भेग बघायची असेल तर बीम बराच लांब हवा आणि टाकीही.

चाचणीनंतर बीम पूर्ण मोडून भेगेच्या तोंडावरची फायबर मोजा. आमच्या तुकड्यांत बहुतेक फायबर तुटलेली नव्हती. वाकवलेली टोकं सरळ होऊन ती काँक्रीटमधून ओढून निघाली होती. तसंच व्हायला हवं, कारण ओढून निघताना होणाऱ्या घर्षणातूनच तो मोमेंट मिळतो. खालच्या ३० मिमीतली फायबर वेगळी मोजली की एकाच मालिकेतल्या तीन बीममधल्या फरकाचं कारण बरंचसं तिथेच सापडतं.

मे-जून: मॉडेल, निवडणूक, व्हायवा

स्टॅड या सॉफ्टवेअरमध्ये पडताळणी करताना दर १०० मिमीला एक स्प्रिंग द्या: ९० हजार गुणिले ०.१५ गुणिले ०.१, म्हणजे १,३५० किलोन्यूटन प्रति मीटर, टोकांना त्याच्या निम्मी. स्प्रिंग 'फक्त दाब घेणाऱ्या' करायला विसरू नका. नेहमीच्या स्प्रिंग टोकांना खाली ओढून धरतात आणि भेगेनंतरचा सगळा फरकच पुसला जातो. बीमचं स्वतःचं वजनही मॉडेलमध्ये हवं. टेकूंवरच्या बीममध्ये ते विसरलं तर चालून जातं, इथे नाही.

२० मे २०२४ ला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं. त्याआधीचे काही आठवडे लॅब आणि कार्यालयातली बरीच मंडळी इलेक्शन ड्यूटीवर होती. बायंडिंगआधीच्या सह्या, साहित्यचोरी तपासणीचा दाखला, फी भरल्याची पावती हे सगळं आम्ही एप्रिलमध्येच उरकून घेतलं होतं, ते बरं झालं. तुमच्या वर्षी निवडणूक, प्रवेशप्रक्रिया, तपासणी समिती यांतलं काय कधी आहे ते आधी बघून ठेवा.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांचा पहिला प्रश्न होता, 'फायबरने भार किती टक्के वाढला?' भेगेचा भार वाढला नाही, भेगेनंतरचा भार साध्या बीमच्या अडीच पट झाला, असं सांगून सुट्या अर्ध्या बीमची आकृती फळ्यावर काढली. दुसरा प्रश्न आयआरसी एसपी-४६ या फायबर काँक्रीट रस्त्यांच्या मार्गदर्शिकेवर होता. तिसरा, चिकणमाती असती तर काय. ती ओलाव्याने आणि काळाने खचत राहते, तिथे अर्ध्या तासाच्या चाचणीवरून काही बोलू नये, एवढंच उत्तर दिलं आणि ते मान्य झालं.

नो ड्यूज मिळायला टाकी स्वच्छ आणि मोडलेले बीम आवाराबाहेर, या दोन्ही अटी होत्या. डेब्रिजचा टेम्पो पाऊस सुरू होण्याआधी बोलवा, नंतर गेटजवळच्या चिखलात तो आत घेत नाहीत. रेती आम्ही गोण्यांत भरून लॅबमध्येच ठेवली आहे, गोण्यांवर घनतेचे आकडे आणि तारीख लिहिली आहे. इतक्या वेळा कुटल्यामुळे तिच्यात भुकटी वाढली असणार, तेव्हा पुढच्या बॅचने वापरण्याआधी चाळणी आणि कमाल-किमान घनता पुन्हा करावी, आणि थराचं ३५६ किलो वजन नव्या आकड्याने बदलून घ्यावं.